एका पाटावर दोन ड्राइव्ह

२८ सप्टेंबर, रविवार

टेंभुर्णीला जाऊन मेव्हण्याकडची ड्राइव्ह घेऊन आलो. मेव्हणा म्हणाला, "दाजी, काडेपेटीएवढी डबी न्यायला एवढ्या लांब आलाव व्हय? येनाऱ्या-जानाऱ्याच्या हाती धाडली असती की." मी म्हणालो, ही येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती द्यायची वस्तू नाही. माझ्या स्टुडिओची दोन वर्षांची लग्नं हिच्यात आहेत.

अशा दोन एसएसडी माझ्याकडे आहेत, खिशात मावतील एवढ्या. आत फिरणारं काही नसतं, त्यामुळे हातातून पडली तरी जुन्या हार्डडिस्कसारखी मान टाकत नाही. दोन्हींत तेच फोटो. एक स्टुडिओच्या कपाटात, दुसरी टेंभुर्णीला. चोरी होवो, आग लागो, पाणी शिरो, एकाच दिवशी दोन गावांत होणार नाही. सोलापुरात आमच्या धंद्यात एवढी काळजी घेणारा दुसरा कोणी नसावा. हे मी फोटोग्राफरांच्या बैठकीत उभं राहून सांगितलंही आहे. लोक हसले. हसणारे नंतर रडतात.

माझी बायको वैजयंती म्हणाली, "मग ती तिकडेच राहू द्यायची ना. आणलीत कशाला?"

बुधवारी खंडेनवमी आहे. कॅमेरे, लेन्सा, फ्लॅश, ट्रायपॉड पाटावर मांडायचे आणि जिच्यात सगळी मेहनत साठवली आहे तिलाच वगळायचं? माझे वडील, अप्पा, शिलाई मशीनची पूजा करताना मोडकी कात्रीसुद्धा बाजूला ठेवायचे नाहीत. हत्यार रुसतं म्हणायचे. दसरा झाला की ड्राइव्ह परत टेंभुर्णीला.

३० सप्टेंबर, मंगळवार

वळसंगहून शिवराजचा फोन. त्याच्या बहिणीचं, संस्कृतीचं लग्न मी गेल्या वर्षी मे महिन्यात काढलं होतं. मुलगा मंगळवेढ्याचा. अजून अल्बमसाठी फोटो निवडायला कोणी आलेलं नाही. आमच्याकडे पद्धत अशी, की मुलीकडच्यांनी येऊन फोटो निवडायचे, मग अल्बम, आणि अल्बमबरोबर बाकीचे सगळे फोटो. निवड झाल्याशिवाय मी फोटो हातात देत नाही. एकदा फोटो मोबाइलवर गेले की अल्बम कोण करतो?

पण लोक येत नाहीत. मामा मुंबईला असतो, आत्या रुसलेली असते, जावयाला सुटी नसते. मी तीनदा फोन केला होता. तिन्ही वेळा शिवराज "बगू की अण्णा, येतो की" म्हणाला. आज स्वतःहून म्हणाला, "फोटू पायजे हुते. जरा लवकर." दसऱ्यानंतर ये म्हणालो.

त्या लग्नाचे जोडीचे फोटो माझे आजवरचे सगळ्यात चांगले आहेत. कार्यालयाच्या मागच्या जिन्यात सकाळचा उजेड येत होता. त्यातला एक फोटो मी स्टुडिओच्या दारावर लावणार होतो. घरच्यांना विचारल्याशिवाय लावत नाही, म्हणून राहिला.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

पूजा मीच केली. पाटावर सगळं मांडलं. फुलाने पाणी शिंपडलं, मग ओली हळद, ओलं कुंकू, अक्षता, झेंडू. दोन्ही ड्राइव्ह गुळगुळीत आहेत, वरून कुंकू टिकेना. म्हणून टोकाला लावलं, जिथे वायर घालायचं भोक असतं. तिथे छान बसलं.

पूजा झाली की हत्यार चालवून दाखवायचं असतं. वैजयंतीचा एक फोटो काढला. मग कपाटातल्या ड्राइव्हला वायर लावून कॉम्प्युटरला जोडली. दिवा एकदा लागला आणि विझला. वायर सैल असेल म्हणून काढून परत घातली. काही नाही. मग ड्राइव्ह बिघडलीय की कॉम्प्युटर, ते बघायला तीच वायर टेंभुर्णीच्या ड्राइव्हला लावली. तिचाही दिवा लागला आणि विझला. जळका वास आला.

वैजयंती म्हणाली, "आता तिसरी असती तर तिलाही लावली असती."

नैवेद्याची पोळी खाल्ली नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

नव्या पेठेत गुफरानच्या दुकानात गेलो. मोबाइलचे बोर्ड दुरुस्त करतो, बोलायला तिखट आहे. ड्राइव्ह उघडून भिंगाखाली धरली आणि म्हणाला, "भाई, ये क्या करे तुम? चटणी भरली का आत?"

सांगावं लागलं.

तो हसला नाही, हे त्यातल्या त्यात बरं. म्हणाला, ओलं हळद-कुंकू भोकात गेलं, करंट नको तिथून गेला. एक ड्राइव्ह खलास. आतली चिप काढून दुसऱ्या बोर्डावर लावूनही उपयोग नाही, कारण तिचं कुलूप जळलेल्या भागातच आहे. दुसरीचं थोडं बघण्यासारखं आहे. "पन दुसरी तुम्हीच मारली भाई. पैली बंद पडली तर थांबायचं ना. ओली वायर तशीच दुसरीत घातली."

राग आला. पण राग आला म्हणजे तो खोटं बोलत होता असं नाही. दोन वर्षं मी दोन ड्राइव्ह दोन गावांत ठेवल्या आणि पूजेला म्हणून एका पाटावर आणल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बैठकीत माझ्यावर हसलेल्यांपैकी कोणाला हे कळता कामा नये.

बसून हिशेब लावला की कोणाचं काय गेलं. बाकी सगळ्यांचे अल्बम दिलेले आहेत, त्यांच्याकडे फोटो आहेत. राहिलेलं एकच लग्न, वळसंगचं. कॅमेऱ्यातली कार्डं सीझनमध्ये रिकामी करूनच पुढच्या लग्नाला जावं लागतं, त्यामुळे तिथेही काही नाही; कॉम्प्युटरवर जागा पुरत नाही म्हणून तिथे मी फोटो ठेवतच नाही. वर्षभर त्या लोकांवर चिडत होतो की निवडायला येत नाहीत. आता ते येऊच नयेत असं वाटतं.

५ ऑक्टोबर, रविवार

शिवराज आला. मी त्याला कॉम्प्युटर दुरुस्तीला टाकलाय असं सांगितलं. अर्धं खरं आहे.

म्हणाला, "समदे नगो अण्णा. रुखवताचे तेवढे द्या. आन दागिन्याचे."

मी म्हणालो, "रुखवताचे? अरे, जोडीचे फोटो बघितलेस का तू? तसा उजेड परत मिळत नाही."

"ते ऱ्हाऊ द्या. रुखवताचे साफ पायजेत. भांडी, कपाट, शिलाई मशीन, समदं दिसाय पायजे. आमच्या मोबाइलात हायत, पर गर्दी हाय पुढं, काय बी वळकू येत न्हाय."

आता काय म्हणावं. रुखवत म्हणजे मुलीला दिलेली भांडीकुंडी, कपाट, फराळाची ताटं टेबलावर मांडून ठेवतात ते. त्याचे फोटो म्हणजे आमच्या धंद्यातली चटणी-भाकरी, कॅमेरा धरता येणारा कोणीही काढील. ज्यात कला आहे ते कोणी मागत नाही. मी बरं म्हणालो. जाताना तो दारात थांबला, काही बोलावं की नाही असा, आणि मग गाडीला किक मारून गेला. शेतात सोयाबीन पडून असेल, घाई असणार.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज संस्कृती स्वतः आली. मी पटकन ओळखलं नाही. लग्नात गालांनी भरलेली होती. आता ड्रेसवर, केस मागे ओढून बांधलेले, गळ्यात काही नाही. आजकालच्या मुली ड्रेसवर मंगळसूत्र घालत नाहीत, माझी पुतणीही घालत नाही.

म्हणालो, "दिवाळीला माहेरी आलीस वाटतं. लवकर आलीस."

"व्हय काका."

"जावई कसे आहेत?"

"हायत."

मग तिने विचारलं, आईने तिच्या सासूच्या हातात दागिन्यांचा डबा दिला, तो फोटो आहे का. डबा उघडा होता की बंद? मी म्हणालो उघडा असेल, आम्ही उघडाच धरायला सांगतो. तिच्या तोंडावर एकदम उजेड आला. म्हणाली, "मग द्या की काका. माझ्या फोनात हुता, पर माझा फोन तिकडंच ऱ्हायला."

मी म्हणालो, नवऱ्याला सांग, येताना घेऊन येईल.

वैजयंतीने तिला आत चहाला नेलं. बराच वेळ दोघी आत होत्या. मी बाहेर एका पासपोर्ट फोटोवाल्याचे कान दिसतायत का ते बघत होतो. संस्कृती गेल्यावर वैजयंती येऊन म्हणाली, "त्या गुफरानच्या मागे लागा. तिला फोटो लवकर मिळाले पाहिजेत."

"एवढं काय अडलंय?"

"अडलंय. तिने कोणाला सांगू नका म्हटलंय, म्हणून सांगत नाही. तुम्हाला दिसत नसेल तर राहू दे."

बायकांची गुपितं. बाळंतपणाचं काही असेल.

१९ ऑक्टोबर, रविवार

गुफरान रोज "बघतो भाई" म्हणतो. बाजारात पणत्या आल्या आहेत. दिवाळीत स्टुडिओत फिरकायला कोणाला वेळ नसतो, आणि मला तेच हवं आहे. दारावरून कोणाची गाडी गेली तरी शिवराज आला असं वाटतं. मी भित्रा नाही, पण खोटं बोललेलं लक्षात ठेवण्याची सवय नाही. कॉम्प्युटर दुरुस्तीला दिला म्हणालो होतो आणि संस्कृती आली तेव्हा तो समोरच टेबलावर होता.

आज एका गिऱ्हाइकाने विचारलं, फोटो किती दिवस जपून ठेवता? मी म्हणालो, दोन प्रती ठेवतो, दोन गावांत. तोंडातून सवयीने गेलं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

वैजयंती सकाळच्या एसटीने टेंभुर्णीला भावाकडे गेली. दोन-चार दिवस राहील. जाताना म्हणाली, गुफरानचा फोन आला तर मला कळवा. मी हो म्हणालो.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

गुफरानचा फोन. टेंभुर्णीची ड्राइव्ह चालू झाली! त्याने भोक आणि एक पार्ट बदलला. मला दुकानातल्या खुर्चीवरून उठून उभं राहावंसं वाटलं आणि मी उभाही राहिलो.

पण म्हणाला, "खूश नको होऊ भाई. गरम होते, बंद पडते, परत चालू होते. कधी कायमची जाईल सांगता येत नाही. सगळं एकदम निघायचं नाही. वळसंगच्या लग्नाचे सहा फोल्डर दिसतात. सांगा, आधी कुठलं काढू?"

फोल्डर मीच केलेले: हळद, रुखवत, जोडी, अक्षता, पंगत, पाठवणी.

मी विचार केला. फार नाही, पण केला. त्या भावा-बहिणीने रुखवत मागितलं होतं हे मला आठवत होतं. पण वीस वर्षं या धंद्यात आहे. लोक मागतात एक आणि अल्बम हातात आला की हरखतात दुसऱ्याच पानावर. भांडी आज ना उद्या पोचे पडून मोडीत जातील. मुलगी म्हातारी झाल्यावर काय बघणार? आणि खरं लिहायचं तर तो जिन्यातला फोटो मला स्वतःला हवा होता. तो गेला असता तर मला झोप आली नसती. रुखवताचं फोल्डर लहान आहे, ते नंतर निघेलच.

म्हणालो, "जोडी."

"पक्कं?"

"पक्कं. मग हळद, मग रुखवत."

वैजयंतीला कळवायचं राहिलं. एवढ्यासाठी काय फोन करायचा.

२५ ऑक्टोबर, शनिवार

जोडी पूर्ण निघाली. एकही फोटो खराब नाही. हळद निम्मी आली आणि ड्राइव्ह बंद पडली. गुफरानने थंड करून पाहिली, पुन्हा पार्ट बदलून पाहिला. दुपारी म्हणाला, "आता संपलं भाई. हिचा नाद सोडा."

म्हणजे रुखवत, अक्षता, पंगत, पाठवणी गेली. वाईट वाटलं. पण सगळ्यांत मोलाचं एक फोल्डर वाचलं, हेही खरं. जिन्यातला फोटो उघडून पाहिला. तो उजेड! तिचा शालू, मान थोडी खाली, त्याचा चेहरा अर्धा सावलीत. मी माणूस म्हणून कसाही असेन, फोटोग्राफर म्हणून वाईट नाही.

ठरवलं की यांना निवडायला लावायचं नाही, आपणच अल्बम करून द्यायचा. आणि तो फोटो मोठा करून, चांगल्या लाकडी फ्रेममध्ये बसवून माझ्याकडून भेट द्यायचा. एवढं केल्यावर रुखवताचं कोणी काढणार नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

वैजयंती आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारलं, "निघाले का?" मी फ्रेम दाखवली. तिने फ्रेमकडे पाहिलंही नाही.

"रुखवताचे?"

"गेले. जोडीचे आधी काढायला सांगितले."

ती खुर्चीवर बसली. "तुम्ही सांगितलंत? आधी जोडीचे?"

"हो."

"त्या पोरीने तोंडाने मागितले होते. तिच्या भावाने मागितले होते. जोडीचे कोणी मागितले होते?"

मी कलेबद्दल बोलू लागलो तर ती उठून आत गेली. जेवायला वाढलं, पण समोर बसली नाही. झाकपाक करताना एवढंच म्हणाली, "फ्रेम नेऊ नका तिकडे. पेन ड्राइव्ह द्या, खरं काय ते सांगा आणि या."

इतकी सुंदर फ्रेम. का नेऊ नये, हे मात्र सांगत नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी फ्रेम, लॅपटॉप आणि पेन ड्राइव्ह घेऊन स्कूटरवर वळसंगला गेलो. फ्रेम चादरीत गुंडाळून पायाशी उभी धरली होती, ब्रेक दाबताना गुडघ्याला लागत होती.

घरी शिवराज, त्याची आई सोनाबाई आणि संस्कृती. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. मनात म्हटलं, दिवाळी झाली तरी मुलगी माहेरीच, लाडकी दिसते. पाणी दिलं. मी चादर सोडली आणि फ्रेम सोनाबाईंच्या हातात दिली.

सोनाबाईंनी फ्रेम भिंतीपाशी नेऊन टेकवली. तोंड भिंतीकडे करून. धूळ बसू नये म्हणून असेल असं मला वाटलं. खरंच वाटलं, म्हणून लिहितो.

शिवराज म्हणाला, "आन रुखवताचे?"

मग सांगितलं. पूजेपासून सगळं सांगितलं, दोन ड्राइव्ह, ओली हळद, गुफरान. गुफरानने काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं तेही. तेवढं गाळता आलं असतं. पण संस्कृती माझ्याकडे बघत होती.

शिवराज उठून उभा राहिला. "तुमी मशीनची पूजा केलाव, आन आमच्या पोरीचं वाट्टोळं केलाव! दोनदा सांगितलं हुतं की तुमास्नी, रुखवताचे पायजेत म्हनून! चैनीला मागत हुतो व्हय?"

"शिवराज," सोनाबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. आवाज साधा होता, बाजारात भाव सांगावा तसा. "संक्रातीपासनं हितंच हाय ती. हात उगारायचा तो. परत जायाची न्हाय म्हनली, मी बी म्हनलं नगो जाऊ. तिचं सामान मागाय गेलो तर ती मानसं म्हनत्यात, तुमची पोरगी नेसत्या लुगड्यानं आली हुती, काय बी आनलं न्हाय. वकील म्हनला, काय दिलं हुतं ते दाखवा. म्हनून तुमच्याकडं आलो."

मी चहाचा कप हातात धरून बसलो होतो. तो कधी दिला तेही आठवत नाही. मला लाज वाटली. इतकी, की मान वर करून कोणाकडे बघता येईना. तीन जणांनी मला तीन वेळा सांगितलं होतं आणि मी मंगळसूत्राच्या फॅशनचा विचार करत होतो.

संस्कृतीच बोलली. "काका, लॅपटॉप हाय न्हवं? जे निघालं ते तरी बघू."

मी जोडीचं फोल्डर उघडलं. ती शेजारी बसली. पहिल्याच फोटोवर म्हणाली, "मोठं करा." मी चेहरा मोठा केला. "चेहरा नगो. गळा."

गळा मोठा केला. ती जवळ वाकली. "ठुशी. आई, बग, ठुशी दिसतीय. मधलं लाल खडं बी दिसतंय." सोनाबाई डोळ्यांवर चष्मा लावून आल्या. पुढचा फोटो. "बोरमाळ. ह्यो कान मोठा करा." झुमके. मग हात. "पाटल्या. डाव्या हातातली चेपलीय, तीच हाय, आजीची." एकेक फोटो पुढे जात होता आणि ती एकदाही स्वतःच्या किंवा त्याच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती.

शिवराज अजून उभाच होता. म्हणाला, "ती मानसं म्हनतील, हे आमीच घातलं हुतं अंगावर."

"कसं म्हनतील?" सोनाबाई म्हणाल्या. "अक्षता पडायच्या आदीचं हाय की हे. मी वरडत हुते, आक्षतांच्या आदी पोरगीला नवऱ्यासंगट जिन्यात उबं करू नगा म्हनून. ह्येंनी ऐकलं न्हाय. तवा त्यांच्याकडचा एक मनी बी नव्हता अंगावर. गळ्यात डोरलंबी न्हाय बग."

मी बघितलं. खरंच नव्हतं. सकाळचा उजेड जाईल म्हणून मी त्या दिवशी कोणाचं ऐकलं नव्हतं. आणि फोटोवर वेळही असते, आत नोंदलेली. ते सांगितलं. शिवराज खाली बसला.

भांडी गेली, कपाट आणि मशीन गेलं, डबा हातात देतानाचा तो फोटो गेला. ते माझ्यामुळे गेलं. संस्कृती म्हणाली, "भांडी जाऊ द्या. आईनं जे अंगावर घातलं ते तरी दिसतंय." मला धीर द्यायला म्हणाली नाही. हिशेब करून म्हणाली.

निघताना अंगणात माझ्यामागे आली. "काका, वकिलाला जसं हाय तसं द्या. पर माजा म्हनून एक फोटू पायजे. जिन्यातला. ह्येला काढून टाकून. जमंल?"

"जमेल की," म्हणालो. "नुसती तू ठेवतो."

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळपासून त्या फोटोला बसलो आहे. वैजयंतीला काल सगळं सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि आज माझ्यासमोर जेवायला बसली.

त्याला कापणं सोपं होतं. खांदा गेला, चेहरा गेला, फेटा गेला. पण त्याचा हात तिच्या मनगटावर आहे. पाटलीवरच. वर्षभर मी हा फोटो सुंदर म्हणून बघत होतो आणि ही पकड किती घट्ट आहे ते मला दिसलं नव्हतं. तिच्या मनगटाची कातडी त्याच्या बोटांमध्ये वर आली आहे. बाकीचे फोटो काढून पाहिले. बहुतेक सगळ्यांत हात तिथेच.

हात पुसता येतो. हल्ली कॉम्प्युटर पुसून मागचं स्वतःच भरून देतो, कोणाला कळत नाही. पण मागे पाटली आहे, ती कॉम्प्युटरने बनवलेली पाटली होईल. आजीची चेपलेली पाटली त्याला कुठून माहीत? विचारल्याशिवाय करू नये असं वाटलं. आधीच न विचारता पुष्कळ केलं आहे. फोन लावला.

सगळं समजावून सांगितलं. मागे म्हशीचा आवाज येत होता.

मग म्हणाली, "बनवलेली पाटली नगो काका. हात ऱ्हाऊ द्या. कसं धरलं हुतं ते बी दिसू द्या."

हात ठेवला. नुसता हात, मनगटापर्यंत. बाकी सगळा कापला. प्रिंट काढून वाळायला ठेवली आहे. उद्या सकाळी वळसंगला जाऊन तिच्या हातात देईन. येताना ती फ्रेम परत आणायची आहे. सोनाबाई संकोचाने काढून देणार नाहीत, मलाच मागावी लागेल.